चाळीस हजारांचं छोटंसं सॉफ्टवेअर

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत टीममधला एक ज्युनियर माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. श्रीरामपूरजवळ त्याच्या काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं वगैरे. काकांना "आपल्याला पाहिजे तसं" सॉफ्टवेअर हवंय. "सर, बिलिंग, स्टॉक आणि उधारी. तीनच मॉड्यूल आहेत, दोन वीकेंडमध्ये होऊन जाईल. पंचवीस हजार सांगू का?"

मी त्याला चहा पाजला आणि "इतक्यात आकडा सांगू नकोस" एवढंच म्हणालो. का, ते सांगायला एक चहा पुरला नसता. म्हणून हा लेख.

२०२२ च्या दिवाळीत मीही असाच एक आकडा सांगून बसलो होतो. माझ्या चुलतबहिणीच्या मिस्टरांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. गावातले १८० खातेदार, रोजचं साधारण १,४०० लिटर दूध. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, दाजी माप आणि फॅट घेतात, दूध कूलरमध्ये जातं, तिथून टँकरने वरच्या डेअरीला. दर दहा दिवसांनी हिशोब. त्यांच्याकडचं जुनं सॉफ्टवेअर २००४ च्या सुमारास कुणा पोराने फॉक्सप्रोमध्ये करून दिलेलं. तो पोरगा आता दुबईत. सोर्स कोड कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्टसुद्धा २०१५ मध्ये बंद केला. दाजींचा तो जुना कॉम्प्युटर देवाच्या कृपेने चालत होता, आणि एका वादळी रात्री देवाने कृपा काढून घेतली.

"लिटर गुणिले दर, वजा कपात. एवढंच तर आहे," दाजी म्हणाले. मलाही ते पटलं. पुण्यात दिवसभर मी जे काम करतो त्यात साठ-सत्तर सर्व्हर असतात, तीन देशांतली माणसं असतात. त्यापुढे हे काय? मी चाळीस हजार सांगितले, तेही घरचं काम म्हणून लाजत लाजत. मुदत दीड महिना.

दीड महिन्यात प्रोग्रॅम झाला, हे खरं. पण तो उपयोगी पडायला सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात आळेफाट्याच्या हॉटेलवाल्याने मला ओळखायला सुरुवात केली होती.

पहिली ठेच लिटरलाच लागली. काटा किलोत मोजतो, दर लिटरवर असतो. गाईचं एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. हे मला माहीत नव्हतं आणि दाजींना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. "ते तर कुणालाही माहीत असतं की!" बरोबर आहे. वीस वर्षं रोज करत असलेली गोष्ट माणूस सांगत नाही, जसं आपण कुणाला "श्वास घे" असं सांगत नाही. रिक्वायरमेंट गोळा करायला बसलं की समोरचा माणूस त्याच्या धंद्यातल्या अडचणी सांगतो. धंदा सांगत नाही.

दुसरी ठेच जास्त जोरात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. त्यापेक्षा एकेक पॉइंट, म्हणजे ०.१, कमी-जास्त झाला की दर ठरावीक पैशांनी खाली-वर होतो. दाजींकडे फॅट मशीनवर निघते, पण एसएनएफ लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून सूत्राने काढतात. सूत्र एकच असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. कुठे डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटचा पाचवा भाग, अधिक ०.३६ असं करतात. कुठे डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅटचा चौथा भाग, अधिक ०.४४. आता डिग्री २८ आणि फॅट ३.८ घ्या. पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.१२ येतो, दुसऱ्याने ८.३९. तेच दूध, तीच गाय, आणि जवळजवळ तीन पॉइंटांचा फरक. इंटरनेटवर सापडलेलं पहिलं सूत्र मी टाकलं होतं. दाजींची डेअरी दुसरं वापरत होती.

हे सुधारलं. मग पहिला पगार झाला. (आमच्याकडे दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात. मी स्क्रीनवर 'देयक' लिहिलं होतं, ते दाजींनी पहिल्याच दिवशी बदलायला लावलं.) पगार वाटून झाल्यावर दाजींचा फोन. "पाव्हणं, दोन हजार रुपये कमी पडत्यात."

दोन दिवस शोधलं. माझ्या कोडमध्ये एक ओळ होती, एसएनएफ एका दशांश स्थळापर्यंत आणणारी. ८.३९ चा मी ८.४ करत होतो, शाळेत शिकवलं तसं. जुना प्रोग्रॅम ८.३ करत होता. शेपूट सरळ कापून टाकत होता. रोजच्या १,४०० लिटरपैकी साधारण निम्म्या दुधाला माझ्यामुळे एक पॉइंट जास्त मिळत होता. पॉइंटाला ३० पैसे धरले तरी ७०० लिटरचे रोजचे २१० रुपये. दहा दिवसांत २,१००. वरची डेअरी दाजींना पैसे देते ते टँकरच्या नमुन्यावर, आणि तीही शेपूट कापूनच. म्हणजे मधले २,१०० रुपये दाजींच्या खिशातून गेले.

म्हटलं तर एका शब्दाचा बदल. एक फंक्शन काढायचं, दुसरं टाकायचं. पण माझा हात कीबोर्डवर थांबला. कारण तो बदल केला की तेच २,१०० रुपये दर दहा दिवसांनी १८० शेतकऱ्यांच्या खिशातून जाणार होते, आणि इतकी वर्षं जात होते. दाजींना हे बोललो. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वरून कापून येतं. मी खाली पुरं देत बसलो तर केंद्र चालवू कशावर?" त्यांचंही चूक म्हणता येईना. शेवटी त्यांनी वरच्या डेअरीशी बोलून बघितलं, काही झालं नाही, आणि मी शेपूट कापणारं फंक्शन टाकलं. मात्र पावतीवर पूर्ण आकडा छापायला लागलो, ८.३९ आणि त्यापुढे हिशोबात धरलेला ८.३. दाजींनी त्याला हरकत घेतली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

मित्रांनो, ही गोष्ट मी इतकी लांबवून सांगतोय याला कारण आहे. मोठ्या कंपनीत असला निर्णय कुणीतरी घेऊन, सही करून, डॉक्युमेंटमध्ये लिहून आपल्यापर्यंत येतो. आपण फक्त कोड करतो. छोट्या गिऱ्हाइकाकडे तसा कुणी नसतो. अर्धा पॉइंट कुणाच्या पदरात घालायचा, हे रात्री साडेअकराला जांभया देत एक प्रोग्रॅमर ठरवतो आणि आपण काही ठरवलं हे त्याच्या गावीही नसतं.

पैसे किरकोळ वाटत असतील तर नगर जिल्ह्यात या. (नाव आता अहिल्यानगर. त्यावर पुढे बोलतो.) आमच्याकडे उसाची कारखानदारी जुनी. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमाराचा. पण उसाचा पैसा हातात पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो. किराणा, शाळेची फी, दवाखाना, सगळं त्यावर. जून २०१७ चा शेतकरी संप पुणतांब्यातून सुरू झाला तेव्हा रस्त्यावर दूध ओतलं गेलं, आणि २०२४ च्या जुलैमध्ये दूधदरासाठी अकोले तालुक्यातल्या कोतुळात आंदोलन उभं राहिलं. कोतुळातलं भांडण लिटरमागे थोड्या रुपयांचंच होतं. त्या थोड्या रुपयांवर घर चालतं.

आता दराचंच घ्या. मी दरपत्रक एका टेबलात ठेवलं होतं. दर बदलला की जुना पुसून नवा लिहायचा. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५/८.५ ला किमान ३४ रुपये ठरवले. हिवाळ्यापर्यंत बाजारातला दर २६-२७ वर घसरला. मग जानेवारी २०२४ मध्ये अनुदान आलं, डेअरीने किमान २७ द्यायचे आणि सरकार वर ५ देणार. ते मार्चमध्ये थांबलं. जुलैत पुन्हा सुरू झालं, आता ३० अधिक ५. ऑक्टोबरपासून २८ अधिक ७. मध्येच एखादा शेतकरी म्हणणार, "मागच्या श्रावणातली माझी पावती पुन्हा काढून द्या," आणि माझा प्रोग्रॅम आजच्या दराने ती पावती काढणार! प्रत्येक दराला 'कधीपासून कधीपर्यंत' लागतं, ही अक्कल मला तेव्हा आली. नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये मी हाच प्रश्न पोरांना विचारत आलोय, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग ते अनुदान. माझ्या मनाला लागलेली गोष्ट तिथली आहे.

अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाणार होतं. त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं, असा सगळा मेळ लागत होता. दाजींनी महिनाभर गोठ्या-गोठ्यात फिरून नंबर गोळा केले. मी त्याची फाइल काढून द्यायचं बटण केलं. दाजींनी ती एक्सेलमध्ये उघडली, दोन नावं दुरुस्त केली आणि सेव्ह करून पाठवली. एक्सेलला बारा अंकी आकडा दिसला की ते त्याचं १.०५ई+११ असलं काहीतरी करून ठेवतं, आणि फाइल सेव्ह केली की मागचे अंक कायमचे जातात. १८० शेतकऱ्यांच्या गाई एका रात्रीत एकसारख्या झाल्या. हे निस्तरलं, कारण मूळ डेटा माझ्याकडे होता. पण दाजी फाइल एक्सेलमध्ये उघडणार हे मला कळायला हवं होतं. प्रत्येकजण तेच करतो.

जे निस्तरलं नाही ते असं. खातं नंबर ११२. वहीत नाव एका आजोबांचं. आजोबा जाऊन काही वर्षं झाली होती. दूध आजी घालतात. पगार सुनेच्या खात्यावर जातो, कारण आजींचं खातं तालुक्याच्या बँकेत आणि तिथवर जाणं होत नाही. गाईचा बिल्ला मुलाच्या नावावर. गावात याची कुणाला काही अडचण नव्हती. दाजींच्या वहीत नावापुढे बारीक अक्षरात 'सूनबाई' लिहिलेलं, काम चाललं होतं. माझ्या डेटाबेसमध्ये मात्र एक खातं म्हणजे एक नाव आणि एक बँक अकाउंट. बारीक अक्षरात लिहायला मी जागाच ठेवली नव्हती. जुन्या वहीतून माहिती भरताना 'सूनबाई' गळून पडली. फाइलमध्ये आजोबांचं नाव, सुनेचा अकाउंट नंबर आणि मुलाची गाय. अर्ज परत आला. अशी २३ खाती निघाली.

कागदपत्रं जुळवेपर्यंत पहिल्या अनुदानाची मुदत, ११ जानेवारी ते १० मार्च, संपून गेली. आजींचं दूध रोज १२ लिटर. लिटरमागे ५ रुपये, ६० दिवस. ३,६०० रुपये. नुसतं माझ्यामुळे गेले असं नाही. कागद जुळत नव्हते हे खरंच होतं. पण वहीतली ती नोंद माझ्या प्रोग्रॅममध्ये असती, तर ही २३ नावं दाजींना डिसेंबरातच दिसली असती. मी दाजींना म्हटलं, आजींचे पैसे मी देतो. दाजी म्हणाले, "अन् बाकीच्या बावीस जणांचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी मला नंतर केंद्रावर भेटल्या. "कॉम्प्युटरात नाव चुकलं म्हणं," एवढंच म्हणाल्या आणि घरी चहाला चल म्हणाल्या. कॉम्प्युटरात नाव चुकलं नव्हतं हो. माझं चुकलं होतं.

याच्या कितीतरी पट भयंकर प्रकार ब्रिटनमध्ये होऊन गेला. तिथल्या पोस्टात १९९९ पासून हॉरायझन नावाची फुजित्सूची सिस्टिम आली. तिच्या हिशोबात तूट दिसायची आणि गावोगावची टपाल कार्यालयं चालवणारी साधी माणसं चोर ठरायची. ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. त्या रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. काउंटरवरचा माणूस सांगत होता, "हिशोब चुकतोय," आणि सगळे स्क्रीनवर विश्वास ठेवत होते. आपलं दूध केंद्र त्या मानाने काहीच नाही, पण जात तीच आहे. कागदाच्या वहीशी भांडता येतं. प्रिंट निघाली की माणूस गप्प बसतो.

फ्रेड ब्रुक्स हे नाव आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलंय. आयबीएमच्या सिस्टिम/३६० च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम त्याने सांभाळलं होतं. १९८६ च्या 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात त्याने गुंतागुंतीचे दोन प्रकार केले. एक आपल्या साधनांमुळे येणारी, दुसरी मूळ कामातच असलेली. साधनं सुधारली की पहिली कमी होते, दुसरी तशीच राहते. फॅटच्या मशीनची केबल नव्या लॅपटॉपला लागत नव्हती, कन्व्हर्टर काढून घातला की पोर्टचा नंबर बदलायचा, जुनी नावं श्रीलिपीत होती ती युनिकोडमध्ये आणायची होती. ही सगळी पहिल्या प्रकारची. वैताग आला, पण ती सुटली. आजींचं खातं दुसऱ्या प्रकारचं आहे.

आणि ही दुसऱ्या प्रकारची गुंतागुंत गिऱ्हाईक लहान म्हणून लहान होत नाही. उलट लहान धंद्यात ती जास्त असते, असं माझं आता ठाम मत झालंय. मोठ्या कंपनीला परवडतं म्हणून ती नियम करते आणि माणसांना नियमात बसवते. छोट्या धंद्याची सगळी ताकदच नियम वाकवण्यात असते. लग्नासाठी उचल द्यायची आणि ती चार पगारांत कापायची. गाय आटली की कपात थांबवायची. पेंडेची उधारी भावाच्या खात्यावर टाकायची. दिवाळीला ठेवीचे पैसे परत करताना मधल्या खाड्याकडे काणाडोळा करायचा. आपण ज्याला 'एक्सेप्शन' म्हणतो, तोच त्यांचा धंदा असतो.

"मग रेडिमेड का घेत नाहीत?" असं कुणी विचारेल. दूध केंद्रांसाठी तयार सॉफ्टवेअरं मिळतात आणि पुष्कळांचं त्यावर चालतं. ज्याचं चालतं त्याने तेच घ्यावं, आणि आपणही आधी तेच सुचवावं. आपला वीकेंड वाचेल. पण "आपल्याला पाहिजे तसं" म्हणणारा माणूस हट्टी असतो म्हणून तसं म्हणत नाही. त्याच्या वहीत बारीक अक्षरं असतात.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. पहिलं, आकडा सांगायच्या आधी एक पूर्ण चक्र तिथे जाऊन बसा. दूध केंद्र असेल तर एक पगार. दुसरं, वही ताब्यात घेऊन पानापानाच्या कडेला काय लिहिलंय ते वाचा. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोंदीपुढे शेरा लिहायला जागा ठेवा, आणि मालकाला कारण लिहून आकडा बदलता आला पाहिजे. तिसरं, राउंडिंगसारखी एक ओळ लिहितानाही पैसे कुणाकडून कुणाकडे चाललेत ते बघा आणि मालकाला मोठ्याने सांगा. चौथं, एकरकमी पैसे घेऊ नका, वर्षाचे घ्या. हे लोभापोटी सांगत नाहीये. एकरकमी घेतलं की पहिल्या वर्षानंतर आपण फोन उचलायला टाळाटाळ करतो, आणि मग आपणही दुबईला गेलेला तो पोरगा होतो.

वर्षाचं का, याचं शेवटचं उदाहरण. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. दाजींचा फोन, "पावतीवर जिल्हा बदलून दे, दोन मिनिटांचं काम हाय." माझ्या कोडमध्ये 'अहमदनगर' सतरा ठिकाणी होतं. त्यातलं एक बँकेच्या फाइलमध्ये, आणि बँकेच्या सिस्टिममध्ये तेव्हा जुनंच नाव चालू होतं. सोळा ठिकाणी बदललं, एका ठिकाणी ठेवलं. शनिवार गेला. इतकं पक्कं काय असतं म्हणून कोडमध्ये लिहून टाकावं, तर जिल्ह्याचं नाव! तेही बदललं.

दाजींचं केंद्र आता नीट चाललंय. वही अजून आहे, काट्याशेजारीच. पूर्वी मला तिचा राग यायचा, आता येत नाही. ११२ वर आता सूनबाईंचं नाव लागलंय, आणि पुढचं अनुदान त्यांना मिळालं.

ज्युनियरला मी हे सगळं काल सांगितलं आणि एकच काम दिलं, पेरणीच्या दिवसांत आठवडाभर काकांच्या गल्ल्यावर बस. आज दुपारी सहज म्हणून त्याने काकांना फोन केला होता, मग मला मेसेज. खताची विक्री सरकारी पॉस मशीनवर अंगठा घेऊन होते, त्यामुळे खताचा साठा दोन ठिकाणी राहतो आणि रात्री कधीच जुळत नाही. औषधांना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लागते. आणि उधारी महिन्याने फिटत नाही, पीक विकल्यावर फिटते. कोणतं पीक ते काकांना तोंडपाठ आहे.

शेवटी त्याने लिहिलंय, "सर, तीन मॉड्यूल नाहीत."